अकरा नातेवाईक आणि एक राखाडी बटण

सात मजल्यांत गोष्ट संपवायची, हा माझा धंदा. म्हणजे पगार लिफ्ट वरखाली नेण्याचाच मिळायचा, पण माणूस नुसता वरखाली किती करणार? चौतीस वर्षं मी कचेऱ्यांच्या एका इमारतीत लिफ्टमन होतो. तळमजल्यावर जाळीचं दार ओढलं की गोष्ट सुरू, सातव्यावर उघडलं की समाप्त. मध्येच कुणी उतरलं तर त्याच्या वाट्याला अर्धीच गोष्ट. चौथ्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंना तर चौतीस वर्षांत एकाही गोष्टीचा शेवट ठाऊक झाला नाही. त्यांनी कधी विचारलाही नाही. खोटं बोलावं पण रेटून बोलावं, या न्यायाने मी बोलायचो. एकदा लिफ्ट सातव्यावर थांबलीच नाही, थेट आठव्यावर गेली, आणि इमारतीला आठवा मजला नव्हता, ही माझी सगळ्यांत लोकप्रिय थाप. लोक हसायचे, "काय लिफ्टमामा!" म्हणायचे आणि उतरून जायचे.

मग बटणांची लिफ्ट आली. मला भिंतीवरचं एक घड्याळ देऊन घरी पाठवलं. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची मागच्या बाजूची एक खोली. आणि गंमत बघा, त्या इमारतीला लिफ्टच नाही. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर मी बसतो, दुसरीवर जुनी वर्तमानपत्रं बसतात. मी सडाफटिंग माणूस. लग्न केलं नाही. का केलं नाही याच्या माझ्याकडे चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण ऐकायला कुणी नसलं की चारही सारख्याच. खालचा औषधवाला आठवड्यातून एकदा बोलतो. "पिशवी आणलीत का?" असं विचारतो. मी "आणलीय" म्हणतो. झालं.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला तेव्हा डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर म्हणाले, दोनेक महिन्यांनी ऑपरेशन करू. बाहेर पडताना फळ्यावर एक कागद लावलेला दिसला. उजव्या डोळ्याने वाचला. हॉस्पिटलचा नवा फॉर्म वापरून बघायला साठीच्या पुढची माणसं हवी होती. बुधवारी दुपारी, एक तास. चहा-बिस्किटं मिळतील.

बुधवारी मला काही काम नव्हतं. तसं मंगळवारीही नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर एक लहानशी खोली. टेबल, संगणक, दोन खुर्च्या, दोन्हींवर माणसंच बसतील अशा. आणि कानामागे पेन्सिल खोचलेली तिशीतली एक मुलगी. संगणकावरचे फॉर्म बनवणं हे तिचं काम. मी तिला पहिल्या दहा मिनिटांतच फॉर्मवाली करून टाकलं, आणि माझं चौतीस वर्षांचं नाव ऐकल्यावर तिने मला मामा.

"मामा, सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगते," ती म्हणाली. "एक म्हणजे, ही तुमची परीक्षा नाही. कुठे अडलात तर तुम्ही चुकत नाही, फॉर्म चुकतो. आणि दुसरं, जे मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचं. मी मध्ये बोलणार नाही. ऐकणार आणि लिहून घेणार."

मी पुन्हा विचारून खात्री करून घेतली. "म्हणजे मी बोलत राहायचं?"

"हो."

"आणि तू ऐकणार?"

"हो."

"कितव्या मजल्यापर्यंत?"

ती हसली. "तासभर."

मंडळी, तासभर म्हणजे काय हे तुम्हाला कळायचं नाही. आमची लिफ्ट सातव्याला बावन्न सेकंदांत पोचायची.

फॉर्म तसा साधा होता. ऑपरेशन झालं की डोळ्यावर पट्टी असते, तेव्हा घरी न्यायला कुणीतरी लागतं. पुढचे चार दिवस दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी लागतं. ती माणसं कोण, हे हॉस्पिटलला आधी हवं असतं. नाव, नातं, फोन, कोणकोणत्या दिवशी येणार. एका माणसाचं भरून झालं की खाली बटण होतं, 'आणखी एक व्यक्ती जोडा'. ते दाबलं की तसाच एक कोरा चौकोन खाली उघडायचा.

"खरी माहिती नकोय हं," फॉर्मवाली म्हणाली. "सरावापुरतं आहे. मनाने काहीही लिहा."

इथे नुसतं 'बरं' म्हणायला हवं होतं मी. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मनाने कशाला?" मी म्हणालो. "माणसांना काय तोटा आहे आमच्या घरात? माझीच लिहितो की."

आणि पहिल्या चौकोनात मी ताई लिहिली. ताई मोठी, माझ्याहून नऊ वर्षांनी. दुसऱ्यात तिचा नवरा, म्हणजे माझा मेहुणा. तिसऱ्यात आत्या. पत्त्याच्या रकान्याशी आलो आणि माझ्या लक्षात आलं की तास संपायला बराच वेळ आहे आणि फॉर्म संपत आलाय. मी बोट उचललं.

"इथे पंचाईत आहे. ताई सहा महिने इकडे असते आणि सहा महिने लेकीकडे. पत्ता कुठला घालू?"

फॉर्मवालीची पेन्सिल कानामागून निघाली. तिने एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, 'ताई, दोन पत्ते', आणि ती भिंतीवर चिकटवली. "बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या बुधवारी याल का? सुधारून ठेवते."

खूणगाठ बांधून घेतली मी. अडचण दिली की बुधवार मिळतो.

मग काय विचारता! दुसऱ्या बुधवारी मी जुळे भाचे आणले. दोघांत मिळून एकच फोन. सकाळी एकाकडे, संध्याकाळी दुसऱ्याकडे. फॉर्म म्हणाला, हा नंबर आधीच वापरला आहे. मी म्हणालो, वापरणारच, जुळे आहेत. तिने चिठ्ठी लावली. तिसऱ्या बुधवारी मेहुण्याला मी बोटीवर चढवलं. पंधरा दिवस समुद्रावर, पंधरा दिवस जमिनीवर, आणि जमिनीवर आला तरी पहिले दोन दिवस डोलत चालतो, त्यामुळे थेंब डोळ्याऐवजी कानात पडतात. सबब ते दोन दिवस सोडून. तिने दिवसांचा रकाना असा केला की एकाच माणसाखाली हव्या तितक्या तारखा जोडता याव्यात. म्हणजे चौकोनाच्या पोटात आणखी चौकोन. बाई कामाला वाघीण.

चौथ्या बुधवारी मी चुलतभावाशी भांडलो. कशावरून? पुस्तक परत केलं नाही म्हणून. तावातावाने 'काढून टाका' दाबलं आणि तो स्क्रीनवरून गेला. चहा आला. दोन बिस्किटं खाल्ल्यावर मला त्याची दया आली.

"आता परत कसा आणू? सगळं पुन्हा लिहायचं? नंबर पाठ नाही गं मला त्याचा. इतकं आपलं माणूस, आणि बाहेर काढायला एक बटण, आत घ्यायला सतरा रकाने?"

फॉर्मवालीने पिवळी चिठ्ठी ओढली. "हे मी कधी विसरणार नाही, मामा," ती म्हणाली. पुढच्या वेळी बघतो तर, माणूस काढला की खाली एक पट्टी यायची, 'काढले. परत आणायचे?' दहा सेकंद थांबायची. रागाला तेवढे पुरतात.

आणि आत्या! आत्या माझी सगळ्यांत लाडकी. वय शहाण्णव, ऐकू शून्य, म्हणून तिच्यापुढे 'फोन करू नये, दार वाजवावे' असं लिहायची सोय झाली. ऐकू का येत नाही? तर तिच्या स्वतःच्या शिंकेमुळे. एकदा ती खिडकीत बसून अशी शिंकली की समोरच्या इमारतीतली माणसं भूकंप झाला म्हणून जिन्याने पटापटा खाली आली. चारही मजले. कुणाच्या हातात उलथनं, कुणाच्या तोंडाला साबणाचा फेस.

"मग?" फॉर्मवालीने विचारलं. मधे बोलायचं नाही हा तिचाच नियम होता.

पण मला मगचं काही ठाऊक नव्हतं. लिफ्टमध्ये ही गोष्ट इथेच संपायची. "मग चहा गार होतोय," मी म्हणालो.

आठव्या बुधवारी भिंतीवर अकरा चिठ्ठ्या होत्या. अकरा माणसं, दोन ओळींत. फोटोला उभी केल्यासारखी. खोटं बोलणाऱ्याला स्मरणशक्ती लागते, म्हणून मी घरी एक वही ठेवली होती. कोण कुठे राहतं, कुणाचं कुणाशी पटत नाही. रात्री जेवताना ती वही समोर उघडून ठेवायचो. वाईट वाटून घेऊ नका, लोक टीव्ही लावतात.

"तुमच्याकडे कायम गजबज असेल ना, मामा?" तिने एकदा विचारलं. ती डब्यातलं जेवण स्क्रीनसमोरच जेवायची. तिचं घर दुसऱ्या गावी. इथे ती कुठल्याशा खोलीत राहायची.

"विचारू नकोस. आंघोळीला नंबर लागतो."

"मजा आहे," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.

त्या आठव्या बुधवारीच तिचे साहेब आले. दाराशीच उभे राहून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मी खोलीत आहे हे त्यांना दिसलं असेल, पण मी चाचणीचा माणूस. आमच्यासमोर लोक खुर्चीसमोर बोलावं तसे बोलतात.

"एका पानाला आठ आठवडे!" साहेब म्हणाले. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. अहो, कुणाच्या घरी असला मेहुणा असतो?"

"मामांच्या घरी आहे," फॉर्मवाली म्हणाली. "आणि एकाच्या घरी असला म्हणजे हजारांच्या घरी असतो. फॉर्म सगळ्यांसाठी असतो, सर."

"पुढच्या बुधवारी सुरू करा म्हणजे झालं. जुने कागदी फॉर्म त्याच दिवशी बंद. मग कुणाचा मेहुणा चंद्रावर राहत असला तरी चालेल."

साहेब गेले. फॉर्मवाली माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा उजळला होता.

"मामा, एक ठरवलंय मी. खऱ्या फॉर्ममधला पहिला अर्ज तुमचा. तुमचं ऑपरेशन आहेच. पुढच्या बुधवारी सगळं खरं भरायचं. तुमची अकरा माणसं मी आधीच घालून ठेवते, तुम्ही फक्त फोन नंबर तपासा. हॉस्पिटल प्रत्येकाला फोन लावून विचारतं, येणार ना म्हणून. आत्यांकडे मात्र मी स्वतः जाईन. दार वाजवायला."

जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला होता.

आठवडाभर मी विचार केला. एक तरी माणूस खरं मिळायला हवं. एक मिळालं की बाकीची दहा परगावी गेली म्हणता येईल. औषधवाला? त्याला माझं नाव माहीत नाही, माझ्या गोळ्यांचं माहीत आहे. शेजारी दर अकरा महिन्यांनी बदलतात. शेवटी शुक्रवारी मी जुन्या इमारतीत गेलो. चौतीस वर्षं, दिवसाला चारशे माणसं. त्यातलं एक तर ओळख देईल?

लिफ्टमध्ये एक बाई होती, हातातल्या फोनवर काहीतरी वाचत.

"कितवा?" माझ्या तोंडून गेलं.

"दाबलाय मी," ती म्हणाली. वर न बघता.

चौथ्यावर ती उतरली. मी सातव्यापर्यंत गेलो. तिथे दार आपसूक उघडलं, कुणी आलं नाही, आपसूक मिटलं. माणसं मला सगळी आठवत होती. चौथा मजला, टायपिस्ट, डाव्या पायाने किंचित लंगडायच्या. सहावा मजला, शिट्टी वाजवणारे हिशेबनीस. पण नाव? एकाचंही नाही. चौतीस वर्षं मी माणसं मजल्यांनी ओळखली. मजल्याला फोन कसा लावणार?

बुधवार आला. फॉर्मवालीने त्या दिवशी पेन्सिल कानामागे खोचली नव्हती. लिहून घ्यायचं काही उरलंच नव्हतं. स्क्रीनवर माझी अकरा माणसं एकाखाली एक मांडलेली, प्रत्येकापुढे दोन बटणं, 'बदला' आणि 'काढून टाका'. बिस्किटंही आज नेहमीच्यापेक्षा बरी होती.

"तपासा निवांत," ती म्हणाली.

मी माऊस धरला. पहिला चुलतभाऊ काढला. पट्टी आली, 'काढले. परत आणायचे?' मी दहा सेकंद बघत बसलो. पट्टी गेली. मग जुळे काढले, एकापाठोपाठ एक. त्यांना वेगळं करवेना म्हणून घाईने काढले. मेहुणा काढला. तो समुद्रावरच बरा. फॉर्मवालीला वाटलं मी पुन्हा गंमत करतोय. "आज सगळ्यांशीच भांडण?" तिने विचारलं. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा मी त्या खोलीत मोठ्याने बोलत नव्हतो. आत्या काढली तेव्हा पट्टीवर माझा हात थबकला होता, खोटं कशाला सांगू.

शेवटी ताई उरली. तिच्यापुढचं 'काढून टाका' बटण राखाडी झालेलं. दाबलं, दबेना. पुन्हा दाबलं. खाली लाल अक्षरं आली, 'किमान एक व्यक्ती आवश्यक आहे.'

इथे दोन वाटा होत्या, मंडळी, आणि मला दोन्ही स्वच्छ दिसत होत्या, मोतीबिंदूतूनही. ताईला राहू द्यायचं, खोटा नंबर घालायचा, 'पाठवा' दाबायचं. फोन लागणार नाही, मग हॉस्पिटल मला बोलावेल, अडचण निघेल, आणि अडचण म्हणजे पुन्हा बुधवार. दुसरी वाट म्हणजे तोंड उघडायचं. मग माणसंही गेली आणि बुधवारही गेला. चौतीस वर्षांत मी वर जाताना कधी गोष्ट अर्धी तोडली नव्हती.

"पोरी," मी म्हणालो, "यात एक चूक आहे."

तिने डोळे मिटले. "मामा, आज नको. प्लीज. साहेब खाली थांबलेत. आता कोण राहिलंय? मावशी? तिचे तीन फोन?"

लांडगा आला रे आला! मेंढ्या विकून खाल्लेल्या माणसाने लांडगा आला म्हणावं, तशी माझी गत.

"कोणी राहिलं नाही," मी म्हणालो. "तीच चूक आहे. ज्याचं कोणी नाही, त्याला हा फॉर्म पाठवता येत नाही."

"असं कुणी नसतं हो, मामा. कोणीतरी एक असतंच प्रत्येकाला."

"समोर बसलाय."

ती हसायला लागली आणि मधेच थांबली. स्क्रीनकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे, मग माझ्याकडे.

"मेहुणा?"

"नाही."

"जुळे?"

मी मान हलवली.

"आत्या? आत्या तरी, मामा? ती शिंक?"

"शिंक आहे. माझीच आहे."

"आणि ताई?"

"ताई होती. तिला जाऊन वीस वर्षं झाली."

मला वाटलं, आता ही हळवी होईल. पण ती उठली आणि अशी कडाडली की दारातल्या चहावाल्याने ट्रे घेऊन पाठ फिरवली. "नऊ आठवडे! नऊ आठवडे मी तुमच्या मेहुण्यासाठी तारखांचा रकाना करत बसले! रविवारी बसून केलाय तो! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, मनाने लिहा म्हणून? खोटंच लिहायचं होतं, तर खोटं आहे म्हणून लिहायचं! मी साहेबांशी भांडले तुमच्यासाठी. घरी आईला फोन करून सांगते मी तुमच्या आत्याच्या गोष्टी!"

"आवडल्या का त्यांना?" मी विचारलं. जित्याची खोड, दुसरं काय.

ती धपकन खुर्चीत बसली. मी माझी टोपी शोधायला लागलो.

"बसा," ती म्हणाली. डोळे पुसले, आणि टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली. "मोठ्याने बोलायचं, मामा. या पानावर आलात. सोबत कोणी नाही. काय वाटतं?"

"हा पहिला कोरा चौकोन न विचारताच उघडा असतो ना, तो बघून वाटतं की बाकी सगळ्यांकडे यात घालायला काहीतरी आहे."

पेन्सिल चालू लागली. "मग?"

"आधी विचार की. सोबत कोणी येणार आहे का? हो किंवा नाही. हो म्हणणाऱ्याला चौकोन दे, अकरा दे, पोटात चौकोन दे. पण ती दोन बटणं एकाच मापाची कर. 'नाही' बारीक अक्षरात कोपऱ्यात घालू नकोस. आणि 'नाही' दाबल्यावर लाल काही येऊ देऊ नकोस. 'खात्री आहे का?' असं तर मुळीच विचारू नकोस. खात्री असते."

"आणि मग थेंब कोण घालणार?"

"ते मला काय माहीत? तुम्ही चुकत नाही, फॉर्म चुकतो, असं तूच म्हणाली होतीस."

तेवढ्यात साहेब वर आले. फॉर्मवालीने त्यांना दारातच सांगितलं की फॉर्म आज सुरू होणार नाही, आणि का होणार नाही तेही सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, अशी माणसं असून असून असतील किती? एखाद-दुसरा."

"काल कागदी फॉर्म चाळले मी, सर," ती म्हणाली. "माणसं तपासायला म्हणून. शंभरात सहा जणांनी तो रकाना कोरा सोडलाय. कागद कोरा घेतो. आपला नवा फॉर्म घेत नाही. मला वाटलं होतं, विसरले असतील."

जाताना साहेबांनी एक बिस्कीट उचललं, मग बशीत परत ठेवलं.

त्या दिवशी चाचणी तासाऐवजी अडीच तास चालली. निघताना मी भिंतीवरच्या चिठ्ठ्यांकडे बोट केलं. "या फाडणार आता?"

"'परत आणायचे?' राहणार आहे," ती म्हणाली. "जुळ्यांचा फोनही राहणार. कुणाच्या तरी घरी असतील ते." माझ्याकडे न बघता म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, आणि जावा असं मी काही केलंही नव्हतं.

पुढच्या बुधवारी बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फॉर्म झाला होता. मी औषधवाल्याच्या नातवाच्या संगणकावरून माझा अर्ज भरला. पान उघडलं, 'तुमच्यासोबत कोणी येणार आहे का?' दोन बटणं, एकाच मापाची. मी 'नाही' दाबलं. पुढचं पान लगेच आलं. 'ठीक आहे. हॉस्पिटलची मदतनीस तुमच्यासोबत येईल. तुमचा जिना किती मजल्यांचा आहे?' या शेवटच्या प्रश्नाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. तो तिने स्वतःच्या डोक्याने घातला.

ऑपरेशन झालं. मदतनीस बाई ठणठणीत, पन्नाशीची, पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. पट्टी बांधलेल्या मला धरून तीन मजले चढली. आत आल्यावर बसायला जागा शोधू लागली, तेव्हा मी वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली. तिने सूचनांचा कागद मोठ्याने वाचला. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही, आणि महिनाभर जोरात शिंकायचं नाही.

"शिंकायचं नाही?" मी दचकून विचारलं.

"टाके असतात हो, आजोबा. का, सर्दी आहे?"

मग काय, तिला आत्याची गोष्ट सांगावी लागली. दिवसातून चार खेपा, थेंब घालून झाल्यावर दहा मिनिटं डोळा मिटून पडायचं असतं आणि तेवढा वेळ तिला थांबावं लागतं. दहा मिनिटं! आमच्या हिशेबाने अकरा वेळा सातवा मजला. चार दिवसांत मी अकराही माणसं तिच्यापुढून फिरवली. पहिल्याच खेपेला सांगून टाकलं होतं की खोटी आहेत. "असू देत," ती म्हणाली, "बसमध्ये तरी कुठे खरी भेटतात."

चौथ्या संध्याकाळी शेवटचा थेंब पडला. तिने फोन काढून त्यावर काहीतरी भरलं.

"त्रास काही? दुखणं, पाणी येणं? असेल तर सांगा, आणखी एक भेट जोडता येते. बटण आहे इथे."

मी त्या बटणाकडे डाव्या डोळ्याने पाहिलं. एकेक अक्षर लख्ख दिसत होतं. टाळूला लागलेली जीभ मी पुरते दहा सेकंद तिथेच धरून ठेवली.

"डोळा उत्तम आहे," मी म्हणालो. "फक्त आत्याची गोष्ट अर्धी राहिलीय."

"त्याचा रकाना नाही यात."

"मग फॉर्म चुकतोय."

ती मोठ्याने हसली, पिशवी उचलली आणि गेली. मी दारात उभा राहून पावलं ऐकत होतो. तिसरा, दुसरा. पहिल्यावर पावलं थांबली.

"आजोबा!" खालून हाक आली. "ती शिंक ऐकून खाली आलेली माणसं! त्यांचं काय झालं पुढे?"

चौतीस वर्षांत उतरलेल्या माणसाने शेवट विचारलेला हा पहिलाच. मी कठड्याशी गेलो. वाकायचं नाही, म्हणून सरळ उभा राहूनच ओरडलो, "उभी राहिली की बराच वेळ! उलथनी घेऊन! एकमेकांना पहिल्यांदाच बघत होती. गप्पा मारल्या, कुणीतरी चहा आणला. मग भूकंप काही होईना, तेव्हा गेली आपापल्या घरी."

"आणि आत्या?"

"आत्या खिडकीत. तिला वरून सगळं दिसत होतं."

मग पावलं, मग रस्त्याकडचं दार.

खोलीत आलो. दुसरी खुर्ची रिकामी आहे. वर्तमानपत्रं अजून खालीच आहेत, जड उचलायचं नाही म्हणून. समोरच्या इमारतीला चार मजले आहेत आणि चारही मजल्यांवर दिवे लागतात, हे मला नव्या डोळ्यामुळे कळलं. महिन्यातले अजून सव्वीस दिवस बाकी आहेत. मी त्या नातेवाइकांच्या वहीत रोज एक रेघ मारतो. सव्विसावी मारली की खिडकी उघडून एकदा मनापासून शिंकणार आहे. बघू, किती जण खाली येतात.